घरच्यांची टाळू कशी बघायची: बाळापासून आजीपर्यंत

सोलापुरात माझी छोटी डेंटल लॅब आहे, कवळ्या, कॅप, मुलांच्या दाताच्या प्लेटा असलं सगळं बनवतो, वीस वर्षं झाली या धंद्यात. डॉक्टर माप घेऊन पाठवतात, मी त्यात प्लास्टर ओततो आणि माणसाच्या तोंडाचा वरचा मजला माझ्या टेबलावर उलटा पडलेला असतो. त्यामुळं माणसं चेहऱ्यानं नाही लक्षात राहत मला, टाळूनं राहतात. आणि एक गोष्ट सारखी दिसते की लोक आरशात दात बघतात, हिरड्या बघतात, पण टाळू कुणी बघतच नाही, खरं तर वयाबरोबर तोंडात जे काय होतं ते तिथंच छापलेलं असतं.

आधी घोळ मिटवू. बाळाच्या डोक्यावर तेल घालून टाळू भरतो ती वेगळी. मी म्हणतोय ती तोंडातली, एप्रिल-मेमध्ये सोलापूरच्या उन्हात जीभ जिला चिकटते ती. पुढचा कडक भाग हाडाचा, मागचा मऊ भाग मांसाचा, त्याच्या शेवटी लोंबते ती पडजीभ. कडक भागाच्या बरोबर मधून एक बारीक रेघ जाते, बोट फिरवलं तर कळते, तिथं डावा-उजवा दोन हाडं सांध्यानं जोडलेली आहेत. ही रेघ लक्षात ठेवा कारण पुढचं सगळं तिच्याच भोवती आहे.

बघायचं कसं तर माणसाला खिडकीसमोर खुर्चीत बसवा, मान मागं टाकायला सांगा, आ करायला सांगा, आणि मोबाईलचा टॉर्च लावून खालून वर बघा. फोटो काढायचा तर फ्लॅश नको, थुंकी चमकते आणि काहीच दिसत नाही, दुसऱ्याला टॉर्च बाजूनं धरायला सांगा. मोबाईल जरा जरी तिरका झाला तरी एक बाजू मोठी आणि एक लहान दिसते आणि मग लोक म्हणतात अरे टाळू वाकडी आहे, टाळू वाकडी नसते ओ, हात वाकडा असतो. दोन्हीकडच्या शेवटच्या दाढा फोटोत सारख्या दिसल्या तरच तो फोटो ठेवायचा, नाहीतर डिलीट. माझ्या आईचे पहिले सहा फोटो असेच गेले, सातव्याला ती म्हणाली, "काय बघायलाय रे एवढं, तोंड दुखायला लागलं की माझं."

आता बाळापासून सुरू करू. पोटात असताना टाळूचे दोन पडदे दोन बाजूंनी येऊन मधे जुळतात, साधारण बाराव्या आठवड्यापर्यंत हे काम होतं, आणि जुळलं नाही तर दुभंगलेली टाळू घेऊन बाळ जन्मतं. ग्रहणात आईनं काही चिरलं म्हणून असं झालं असं अजून म्हणतात आपल्याकडं, आणि त्या बाईला आयुष्यभर ऐकवतात, त्यात काही तथ्य नाही. मोठी फट लगेच दिसते पण फक्त मागच्या मऊ भागात असली तर निसटू शकते, म्हणून दूध नाकातनं येत असेल किंवा पडजीभ मधून चिरलेली दोन टोकांची दिसत असेल तर बाळाच्या डॉक्टरांना मुद्दाम दाखवा. आणि मधल्या रेघेवर साबुदाण्यासारखे बारीक पांढरे दाणे दिसले तर घाबरू नका, दात नाहीत ते, खरवडू तर अजिबात नका, काही आठवड्यांत आपोआप जातात.

लहान बाळाची टाळू रुंद आणि उथळ असते, ताटलीसारखी. दात यायला लागले की दातांभोवतीचं हाड खाली उतरत जातं आणि मग टाळूला खोली येते, ताटलीची वाटी होते म्हणा. म्हणजे टाळू वर जात नाही, कडा खाली येतात. आणि रुंदी कुठनं येते तर मधल्या त्या सांध्यातनं. डेन्मार्कच्या आर्ने ब्यॉर्क यांनी १९५० च्या दशकात मुलांच्या जबड्यात बारीक धातूच्या पिना बसवून वर्षानुवर्षं एक्सरे काढले आणि पिना एकमेकींपासून लांब जाताना दिसल्या, त्यावरनं कळलं की सांधा उघडत जातो आणि पुढच्यापेक्षा मागं जास्त रुंदी वाढते.

घरी मोजायचं असेल तर तोंडात पट्टी घालायच्या भानगडीत पडू नका, प्लास्टरचं मॉडेल पाहिजे. मुलाला प्लेट किंवा तारा लावायच्या असतील तर डॉक्टर माप घेतातच, तेव्हा मॉडेलची एक जास्तीची कॉपी मागा. माप घ्यायची ती गुलाबी पेस्ट समुद्री शेवाळातनं काढलेल्या पदार्थाची असते आणि त्यातलं पाणी उडालं की आकसते, म्हणून ते माप ओल्या कापडात गुंडाळून आलं नाही तर मी सरळ परत पाठवतो, एकदा दुपारी रिक्षातनं उघडंच आलेलं माप तसंच ओतलं होतं आणि ती प्लेट काही केल्या पोराच्या तोंडात बसेना. ओततानाही प्लास्टर एका कोपऱ्यातनं थेंब थेंब सोडायचं, खाली व्हायब्रेटर चालू, मग ते हळूहळू सरकत टाळूच्या घड्यांमधे शिरतं, घाई केली की नेमका टाळूवर हवेचा बुडबुडा अडकतो आणि नंतर कुणीतरी विचारतं ही गाठ कसली.

मॉडेलवर सहाव्या वर्षी येणाऱ्या पक्क्या दाढा शोधा. डावीकडच्या दाढेच्या मधल्या खळग्यापासून उजवीकडच्या खळग्यापर्यंत व्हर्नियरनं, म्हणजे सरकत्या चिमट्याच्या मोजपट्टीनं, मोजा, ती रुंदी. मग त्या दोन दाढांवर आडवी पट्टी ठेवून तिथनं मधल्या रेघेपर्यंत खोली मोजा. खोलीला शंभरनं गुणा आणि रुंदीनं भागा, सरासरी ४२ च्या आसपास येते असं धरतात. समजा खोली १९ आणि रुंदी ४५ मिलिमीटर, तर ४२ आणि थोडं वर, ठीक. आकडा बराच वर गेला तर टाळू उंच आणि अरुंद, डोंगराच्या कपारीसारखी. अशी टाळू तोंडानं श्वास घेणाऱ्या, अंगठा चोखणाऱ्या पोरांमधे दिसते, कारण एरवी जीभ वर टेकून टाळूला आतनं आधार देते आणि तोंड उघडं राहिलं की ती खाली पडून राहते आणि गालांचा दाब तेवढा उरतो. काही पोरांची जन्मतःच तशी असते, लगेच अंगठ्याला दोष देऊ नका, पण चार वर्षांनंतरही अंगठा सुटत नसेल किंवा रात्री घोरणं आणि तोंड उघडं असेल तर दाखवा, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना पण.

सममितीचं, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या का, ते बघायला एक सोपी युक्ती. पारदर्शक प्लास्टिकवर ग्राफचे चौकोन काढा, मॉडेलवर ठेवा, मधली उभी ओळ टाळूच्या रेघेवर जुळवा आणि दोन्हीकडं दातापर्यंत किती चौकोन येतात ते मोजा. पुढच्या दोन दातांच्या फटीवरनं मध्य धरू नका, दात सरकतात, रेघ त्या मानानं जाग्यावर असते. एखाद दुसऱ्या मिलिमीटरचा फरक जवळपास सगळ्यांना असतो, माझाही आहे. आणि पुढं ज्या आडव्या वळ्या असतात, वाळूत पाणी ओसरल्यावर राहतात तशा, त्या तर डाव्या-उजव्या कधीच सारख्या नसतात. त्या बोटांच्या ठशासारख्या प्रत्येकाच्या वेगळ्या, आणि टाळूचा बाकी आकार बदलला तरी त्यांची नक्षी बऱ्यापैकी टिकते, म्हणून जळालेल्या माणसांची ओळख पटवायलाही वापरतात.

इथं एक फसवणूक होते. पोरगं दात मिटतं तेव्हा हनुवटी एका बाजूला सरकते आणि त्या बाजूच्या वरच्या दाढा खालच्यांच्या आत जातात, तर आईबाप म्हणतात एका बाजूची टाळू छोटी आहे. बऱ्याचदा टाळू दोन्हीकडनं सारखीच अरुंद असते, वर-खाली नीट बसत नाही म्हणून पोरगं जबडा सरकवून जागा करून घेतं. तपासायचं तर आरसा धरा, हळूहळू तोंड मिटायला सांगा, दात पहिल्यांदा टेकतात तेव्हा हनुवटी कुठं आणि पूर्ण मिटल्यावर कुठं ते बघा. सरकत असेल तर थांबू नका, कारण सांधा अजून कच्चा असतो तोवर काम सोपं. स्क्रूची प्लेट बसवतात, आई किल्लीनं रोज फिरवते, एका पाव फेऱ्यात साधारण पाव मिलिमीटर. अमेरिकेत अँजेल नावाच्या दंतवैद्यानं १८६० मध्येच हे केलं होतं आणि बाकीच्यांनी विश्वास ठेवला नव्हता. मधे पुढच्या दोन दातांत फट पडते, त्या रात्री मला हमखास फोन येतो, दादा काहीतरी तुटलं ओ. तुटलं नाही, सांधा उघडला, तेच पाहिजे होतं, फट नंतर मिटते. पंधरा-सोळानंतर सांधा एकमेकांत गुंतत घट्ट होत जातो, कुणाचा लवकर कुणाचा उशिरा, आणि मग नुसत्या प्लेटवर भागत नाही, हाडात स्क्रू घालावे लागतात किंवा ऑपरेशन.

मोठ्या माणसात कडक टाळूचा आकार फारसा हलत नाही. पण मधल्या रेघेवर हाडाचा उंचवटा येऊ शकतो, हळू वाढणारा, बायकांत जास्त. आमच्या वहिनींच्या जिभेला तो एकदम जाणवला आणि दोन दिवस त्या जेवल्या नाहीत, कॅन्सरच आहे म्हणून. कडक, बरोबर मधोमध, वरची कातडी साधी, वर्षानुवर्षं तेवढाच, तर काही करायचं नसतं, पण एकदा डॉक्टरांनी बोट लावून बघितलेलं बरं. एकाच बाजूची सूज मात्र कधीच घरी ठरवायची नाही. कडक भाकरीनं टाळू खरचटते ती आठवडाभरात भरते, दोन आठवडे झाले तरी जखम तशीच असेल तर दाखवायचं. आणि मावा-सुपारीवाल्यांनी मऊ टाळू बघा, पांढुरकी, ताठ, पडजीभ आखडलेली आणि तोंडात उभी तीन बोटं जात नाहीत, तर हे वयानं नाही झालेलं. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, टपरीवर ती कुठं दिसत नाही ते सोडा.

आता म्हातारी माणसं, म्हणजे माझं रोजचं काम. सगळे म्हणतात वय झालं की तोंडाचं बोळकं होतं. वयानं नाही होत, दात काढल्यानं होतं. ज्यांचे ऐंशीतही दात आहेत त्यांची टाळू वाटीसारखीच असते. दात गेला की त्याला धरणारं हाड झिजतं, पहिल्या वर्षात सगळ्यात जास्त, आणि नंतर हळूहळू चालूच राहतं. वरच्या जबड्याचं हाड बाहेरनं आत झिजतं म्हणून कमान लहान होते, कडा गेल्या की वाटीची परत ताटली होते, बाळासारखी. खालचा जबडा उलट बाहेर पसरल्यासारखा होतो, म्हणून म्हाताऱ्या माणसाची हनुवटी पुढं आलेली दिसते. टालग्रेन यांचा १९७२ चा कवळीवाल्यांवरचा अभ्यास आहे, २५ वर्षांचा, त्यात खालचं पुढचं हाड वरच्याच्या साधारण चौपट झिजलं होतं. आणि एकाच बाजूच्या दाढा आधी काढल्या तर ती बाजू आधी बसते, म्हणजे ही वाकडी टाळू खरी वाकडी, त्या चौकोनी प्लास्टिकवर तीन-चार मिलिमीटरचा फरक मी स्वतः मोजलाय.

कवळी वापरणाऱ्यांचं घरी असं बघा. कवळी काढून टाळू लाल आहे का, कवळीच्याच आकाराची लाली असेल तर बुरशी असू शकते, रात्री कवळी काढून पाण्यात ठेवायची. मग कवळी घालून एकदा डाव्या आणि एकदा उजव्या दाढेवर बोटानं दाबा, ती तराजूसारखी डुलली तर कडा झिजल्यात आणि मधला भाग टेकून राहिलाय. माझ्या आईची अशीच मधोमध चिरली, मी जोडून दिली, तीन महिन्यांत परत तिथंच. दोष चिकटवण्यात शोधत बसलो होतो, मग बोटानं दाबून बघितली तर डुलत होती, कारागीर घरात आणि पाच वर्षांत एकदाही तपासली नाही. आतनं नवा थर भरला, मधल्या रेघेला जरा मोकळीक दिली, मग टिकली.

नवी कवळी बोलायला जड वाटते तेव्हा बाळ, टाळ, माळ म्हणायला लावा, आणि चार म्हणा, मग गुरांचा चारा म्हणा, दोन्ही च वेगळे येतात का ऐका. ळ बोबडा येत असेल तर कवळीचा टाळूकडचा भाग जाड असतो बऱ्याचदा. आम्ही कवळीच्या टाळूवर टाल्क पावडर शिंपडून तो शब्द म्हणायला लावतो, जीभ जिथं टेकते तिथली पावडर पुसली जाते, आणि कुठं घासायचं ते कळतं.

मॉडेल जपून ठेवायची असतील तर बुडाला पेन्सिलनं नाव, वय आणि तारीख लिहा, पेनाची शाई प्लास्टरमधे पसरते. कापसात गुंडाळून चपलेच्या खोक्यात, पाण्यापासून लांब. आईचं २०११ चं आणि आत्ताचं शेजारी ठेवलं तर वाटतं दोन वेगळ्या बायका आहेत, फक्त पुढच्या वळ्या बघितल्या की कळतं तीच आहे.