तिसरं वर्ष राहिलं होतं. बावीस वर्षांनी पुन्हा पहिल्यापासून

2000 साली माझं एस.वाय.बी.ए. झालं आणि त्याच उन्हाळ्यात लग्न लागलं. पारोळ्याला सासरी आले, तिसरं वर्ष राहिलं ते राहिलंच. 2022 मध्ये धाकटा मुलगा बारावीला गेला, तेव्हा पत्र्याच्या पेटीतून माझी दोन गुणपत्रकं काढली. घडीवर चिरलेली, वर ‘उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ’ छापलेलं. विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव लागलं 2018 मध्ये, म्हणजे माझे कागद त्याच्या कितीतरी आधीचे.

ज्यांचं शिक्षण असंच मध्येच सुटलंय त्यांना कळकळीने सांगते, जुनी वर्षं वाचवायच्या मागे फार दिवस घालवू नका. मी चार महिने घातले. कॉलेजच्या खिडकीवर कधी साहेब रजेवर, कधी जुनं रजिस्टर सापडत नाही. शेवटी एका सरांनी बसवून नीट समजावलं. आमच्या वेळी वर्षाला एकच परीक्षा असायची, आता सहामाही सत्रं आणि क्रेडिट, म्हणजे विषय पुरा केला की मिळणारे श्रेयांक. मी ज्याच्या दोन परीक्षा दिल्या होत्या तो अभ्यासक्रमच उरला नव्हता. परतताना एस.टी.त खिडकीकडे तोंड करून रडले. दोन वर्षं पाण्यात गेली असं वाटलं. आता तसं वाटत नाही, पण त्या दिवशी वाटलं हे खरं.

तरी एकदा विचारून बघाच, आणि उत्तर लेखी मागा. ज्यांचं शिक्षण अलीकडे सुटलंय त्यांची गोष्ट वेगळी आहे. 2021 पासून अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स आली, म्हणजे हे क्रेडिट जमा ठेवायची ऑनलाइन सोय. त्यात खातं असेल आणि क्रेडिट जमा झाले असतील, तर ते साधारण 7 वर्षं धरले जातात.

मी नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठात पहिल्या वर्षापासून नाव घातलं. हे विद्यापीठ 1989 पासून आहे, आणि त्याची पदवी नेहमीच्या कॉलेजच्या पदवीइतकीच धरली जाते. ‘मुक्तची डिग्री चालते का?’ असं मला नणंदेपासून दळणाच्या गिरणीवाल्यापर्यंत सगळ्यांनी विचारलं, म्हणून मुद्दाम लिहिलं. अभ्यासकेंद्र निवडताना मात्र ते घराजवळचं बघा. गृहपाठ द्यायला, हॉलतिकिटाची चौकशी करायला जावंच लागतं, आणि लांबच्या केंद्रावर जायचं म्हटलं की अर्धा दिवस मोडतो.

कागदपत्रांत बायकांची अडचण एकच, नाव. बारावीच्या गुणपत्रकावर माहेरचं, आधारवर सासरचं. विवाह नोंदणीचा दाखला आधीच काढून ठेवा. राजपत्रात नाव बदलून घेतलं असेल तर त्या पानाची प्रतही जोडा. पदवीवर कोणतं नाव हवं ते प्रवेशाच्या वेळीच ठरवा. नंतरची दुरुस्ती फार पायपीट करायला लावते.

खरी परीक्षा हाताची झाली. मी ब्लाउज शिवते. मशीनवर दिवसभर हात चालतो, त्यामुळे लिहिणं जमेल असं धरून चालले होते. पहिल्या दिवशी घड्याळ लावून इतिहासाचा एक प्रश्न लिहायला घेतला. दीड पानात अंगठ्याच्या बुडापासून मनगटापर्यंत कळ गेली, अक्षर रेघेखाली उतरायला लागलं. वाचलेलं सगळं आठवत होतं, ते कागदावर उतरत नव्हतं. मग रोज पहाटे, चूल-गॅस पेटायच्या आधी, एक प्रश्न लिहायचा नेम धरला. आधी वीस मिनिटं, मग चाळीस, मग रविवारी पूर्ण पेपर. तीन महिन्यांनी पेपर वेळेत पुरा व्हायला लागला. प्रवेश घेतलात की त्याच आठवड्यात लिहायला लागा, पुस्तकं हाती यायची वाट पाहू नका. वर्तमानपत्रातला उतारा उतरवलात तरी चालेल. चष्म्याचा नंबरही तेव्हाच तपासून घ्या.

दुसऱ्या वर्षी, 2024 ला, आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, 10 मे ला आली आणि पेपर अगदी तोंडावर. आखाजीला माहेरी न जाणं आमच्याकडे कुणाच्या मनातही येत नाही. पुस्तकं पिशवीत घालून चोपड्याकडे गेले. कडुलिंबाला झोका बांधलेला, पोरी गौराईची गाणी म्हणत होत्या, आणि मी ओट्यावर पाय पसरून टिपणं वाचत बसलेली. आईच्या वयाची शेजारीण जवळ येऊन म्हणाली, “आते काय शिकस व माय?” (आता काय शिकतेस गं बाई?) मी तिला वहीतला एक उतारा वाचून दाखवला. ती खाली बसली आणि पुढचा वाच म्हणाली. त्या दुपारी माझं एक प्रकरण पुरं झालं, झोक्यावर दोनदा बसूनही.

मेमधल्या पेपरांचं काय सांगू, आपल्याकडचं ऊन तुम्हाला ठाऊकच आहे. पाण्याची बाटली, ओला रुमाल आणि दोन जादा पेनं एवढं आदल्या रात्रीच भरून ठेवा. पेपरच्या आधी तेलकट-तिखट नको, मी साधं वरण-भात खाऊन जायची.

2025 ला निकाल लागला. आता गुरुवारी दुपारी गल्लीतल्या दोघी माझ्याकडे येतात, दोघींचंही बारावीनंतर सुटलेलं. कापायच्या टेबलावरचं कापड बाजूला सारून आम्ही घड्याळ लावतो, आणि त्या लिहायला घेतात. एकीचा हात अजून पंधरा मिनिटांतच दुखतो.