उद्यानाखाली पुरलेला घातक कचरा काढताना या चुका टाळा

नव्या माणसाला पोकलेन फार लवकर हवे असते. माती उकरली जाताना दिसली की काम सुरू झाले असे सगळ्यांनाच वाटते, आणि जुने नकाशे, नमुने व बोअरच्या नोंदी यांत गेलेले महिने वाया गेल्यासारखे भासतात. मी पाहिलेली बहुतेक बिघडलेली कामे मात्र पोकलेन येण्याआधीच बिघडलेली होती.

सर्वांत चीड आणणारी चूक म्हणजे एकत्रित नमुना. प्रयोगशाळेचा खर्च वाचावा म्हणून पाच ठिकाणची माती एका घमेल्यात कालवतात आणि एकच बाटली पाठवतात. एका ठिकाणी शिसे किलोमागे २००० मिलिग्रॅम आणि उरलेल्या चार ठिकाणी ५० असेल, तर अहवालात ४४० येते आणि २००० हा आकडा कोणाच्या नजरेलाच पडत नाही. बाष्पनशील रसायने तर कालवतानाच उडून जातात.

एका उद्यानात झोपाळ्यांमागच्या कोपऱ्यात कितीही बी टाकले तरी गवत धरत नव्हते. एकत्रित नमुन्यांनी जागा निर्धोक ठरवली होती. "साहेब, इथली माती खाली निळी आहे," असे माळ्याने सांगितले, तेव्हा अहवाल हातात असल्याने मी ते दोन आठवडे मनावर घेतले नाही. शेवटी हातगिरमिटाने भोक पाडले, तर जेमतेम हातभर खोलीवर कपड्यांची नीळ सांडावी तसा थर लागला. कोळशापासून गॅस बनवणाऱ्या जुन्या कारखान्यांत वायू शुद्ध करण्यासाठी लोहाचे ऑक्साइड वापरत. निकामी झालेल्या त्या मालात लोह-सायनाइड संयुगे राहतात आणि माती निळी करतात. असे कारखाने उद्यानांखाली सापडणे नवलाचे नाही. सिएटलचे गॅस वर्क्स पार्क १९०६ ते १९५६ पर्यंत चाललेल्या अशाच कारखान्याच्या जागेवर आहे. ते १९७५ साली खुले झाले आणि प्रदूषणाच्या चिंतेमुळे १९८४ साली काही काळ बंद ठेवावे लागले. तेव्हापासून मी प्रत्येक नमुना वेगळा पाठवतो, आणि पहिला नमुना माळी दाखवील तिथला घेतो.

दुसरी चूक बोअर घेताना चिकणमातीचा थर आरपार भेदण्याची. ट्रायक्लोरोएथिलीनसारखे द्रावक पाण्याच्या जवळजवळ दीडपट जड असते. ते भूजलातूनही खाली बुडत जाते आणि चिकणमातीवर साचून राहते. "आणखी दोन मीटर पाहू" म्हणत ज्याने तो थर फोडला, त्याने खालच्या स्वच्छ पाण्यापर्यंत विषाला स्वतः वाट करून दिली. मी थर लागताच थांबतो. खाली जाणे खरोखरच गरजेचे असेल तर केसिंग, म्हणजे बोअरमधला आधाराचा नळ, थरात रुतवून त्याच्या बाहेरची पोकळी बेंटोनाइटने, म्हणजे पाण्यात फुगणाऱ्या चिकणमातीने, बुजवतो आणि मगच आतून लहान व्यासाचे भोक घेतो. यात एक दिवस जातो आणि तो गेलाच पाहिजे.

बाकीच्या चुका थोडक्यात. चुंबकीय फरक टिपणाऱ्या मॅग्नेटोमीटरला कचऱ्याची फक्त लोखंडी पिंपे कळतात, प्लॅस्टिकची नाहीत; जमिनीत रेडिओलहरी सोडून आतले शोधणारे भूभेदी रडारही चिकणमातीत आंधळे होते. झाकण फुगलेल्या पिंपाला पोकलेनची बकेट लावू नये. खड्ड्यातले पाणी पावसाळी गटारात सोडू नये. भरावाची माती स्वच्छ आहे असे गृहीत धरू नये, ती येण्याआधीच तपासावी. पुरलेल्या पिंपांवर सूर्यफुले लावून सुटू पाहणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही. मुळे पोहोचत नाहीत तिथले विष झाड ओढत नाही, एवढेच सांगतो.

खोदाई कुठे थांबवायची हे खड्ड्याच्या तळाचे आणि भिंतींचे नमुने ठरवतात, उरलेला निधी नव्हे. काही दूषित माती खाली ठेवावीच लागली, तर तिच्यावर भडक नारिंगी जाळी अंथरावी, वर स्वच्छ माती टाकावी आणि जाळीची खोली उद्यानाच्या नकाशावर लिहावी. पुढे दिव्याचा खांब रोवायला येणाऱ्या मजुराने आपला अहवाल वाचलेला नसतो. त्याच्या पहारीला निदान ती जाळी तरी अडकते.