वेगळ्या रंगाचा गार्टर साप सापडला, तर या चुका टाळा

अमेरिकेत किंवा कॅनडात नव्याने राहायला गेलेल्या मराठी माणसाला अंगणात पहिला गार्टर साप दिसतो, तेव्हा त्याला बहुधा आपली नानेटी आठवते. ही आठवण चुकीची नाही, कारण दोघेही पाणदिवडाच्या गोतावळ्यातले, सडपातळ आणि लांबीभर पट्टे असलेले साप आहेत; फरक एवढाच की नानेटी अंडी घालते आणि गार्टर साप थेट पिल्ले देतो. तिकडचे शेजारी त्याला पुष्कळदा ‘गार्डन स्नेक’ म्हणतात, त्यामुळे हा बागेतलाच, कुणीही उचलून घरी न्यावा असा साप आहे, अशी समजूत होते. गडद पाठ, मध्यावर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक पिवळसर पट्टा, अशा नेहमीच्या रूपात तो दिसला तर लोक पाहून सोडून देतात. तो काळाकुट्ट, तांबूस किंवा निळसर निघाला, की मात्र त्याला डब्यात घालण्याचा मोह होतो.

पहिली चूक: रंगावरून जात ठरवणे

रंग ही सापाची सर्वांत कच्ची खूण आहे. ईरी सरोवराच्या काठी, म्हणजे ओहायो आणि ऑन्टॅरिओच्या किनारपट्टीवर, पूर्ण काळे गार्टर साप चांगल्या संख्येने आढळतात, आणि बऱ्याच जणांची हनुवटी व गळा पांढरा असतो. त्याच प्रदेशात काळा रेसर आणि काळा रॅट स्नेक हेही साप आहेत. अशा वेळी खवले पाहावेत. गार्टर सापाच्या पाठीवरच्या प्रत्येक खवल्याच्या मध्यावर बारीक उभा कंगोरा असतो, आणि शेपूट सुरू होते तिथला, गुदद्वार झाकणारा खवला अखंड असतो. रेसरचे खवले गुळगुळीत असतात. रॅट स्नेक आणि पाणसापांच्या खवल्यांना कंगोरा असला, तरी गुदद्वारावरचा खवला दुभंगलेला असतो. पट्टे दिसत असतील, तर बाजूचा पट्टा पोटाच्या रुंद खवल्यांपासून मोजून कितव्या ओळीत आहे, हे पाहावे: सर्वसाधारण गार्टरमध्ये तो दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत असतो, तर मैदानी गार्टर आणि रिबन स्नेक यांच्यात तिसऱ्या-चौथ्या ओळीत.

मात्र हे मोजण्यासाठी अनोळखी साप उचलणे ही पहिलीपेक्षा मोठी चूक ठरेल, कारण रॅटलस्नेक आणि कॉटनमाउथ या विषारी सापांचाही गुदद्वारावरचा खवला अखंडच असतो. त्यांच्या शेपटीखालचे खवले बहुतांशी एकेरी ओळीत असतात आणि गार्टरचे दुहेरी ओळीत, परंतु शेपटीखाली पाहण्याइतके जवळ जाण्याची गरज नाही. लांबून काढलेले स्पष्ट छायाचित्र आणि नेमके ठिकाण एवढ्यावर जाणकार बहुतेक वेळा जात सांगू शकतो. जवळपास टाकलेली कात मिळाली तर फारच उत्तम: रंग तिच्यात जवळजवळ उरत नाही, कंगोरे आणि पोटाकडचे खवले मात्र निवांत मोजता येतात.

रंग खरोखर वेगळा आहे की तसा भासतो आहे, हेही तपासावे. कात टाकण्याच्या काही दिवस आधी सापाचे अंग मळकट आणि डोळे निळसर-दुधी होतात. ‘निळा गार्टर’ म्हणून दाखवले जाणारे काही साप एवढ्यानेच निळे असतात. नुकतेच खाल्लेल्या, गाभण किंवा घाबरून अंग फुगवलेल्या सापाच्या खवल्यांमधली त्वचा ताणली जाते आणि एरवी झाकलेले तांबडे किंवा फिकट ठिपके एकाएकी उठून दिसतात. शिवाय काही रंग ही विकृती नसून त्या प्रदेशाचा रिवाजच असतो: फ्लोरिडाच्या आखाती किनाऱ्यावरच्या एका उपजातीचे पट्टे निळसर असतात, तर कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातल्या नार्सिस येथे वसंतात बिळांबाहेर हजारोंनी जमणाऱ्या गार्टर सापांच्या कुशीवर तांबडे डाग असतात.

दुसरी चूक: सुंदर दिसला म्हणून उचलणे

सॅन फ्रान्सिस्को गार्टर हा तांबडे-काळे पट्टे आणि निळसर-हिरवे पोट असलेला साप प्रामुख्याने सॅन मटेओ काउंटीत आढळतो, आणि नोकरीनिमित्त त्या भागात मराठी कुटुंबे बरीच आहेत. तो 1967 पासून अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीत आहे. त्याला पकडणे तर सोडाच, त्रास देणेही गुन्हा ठरतो. इतर जातींबाबत प्रत्येक राज्याचे नियम निराळे आहेत, म्हणून राज्याच्या वन्यजीव खात्याकडे आधी विचारावे. बेकायदा पकडलेला प्राणी राज्याच्या सीमेपार नेला, तर 1900 च्या लेसी कायद्यान्वये तो केंद्रीय गुन्हा होतो. भारतात तर रानातला कोणताही साप घरी ठेवण्याचा विचारच करू नये.

माझे मत विचाराल तर, कायदा परवानगी देत असला तरी प्रौढ रानटी साप ठेवू नये. त्याच्या पोटात बहुधा जंत असतात, तो हातात घेताच दुर्गंधी स्राव सोडतो, आणि उन्हाळ्यात पकडलेली जाड मादी काही आठवड्यांत वीस-तीस पिल्ले घालून मोकळी होते. पिंजऱ्यात जन्मलेला वेगळ्या रंगाचा साप विकत मिळतो. पूर्व गार्टर या उपजातीतला काळेपणा एकाच अप्रभावी, म्हणजे दोन्ही पालकांकडून आले तरच दिसणाऱ्या, जनुकावर चालतो. दोन्ही पालक पट्टेदार असूनही प्रत्येकाकडे ते जनुक असेल, तर सरासरी चारांत एक पिल्लू काळे निघते. म्हणून एक काळा साप रानातून आणला की काळ्यांची जोपासना सुरू झाली, हा हिशेब चुकतो: साध्या जोडीदारापासून त्याची पहिली पिढी बहुधा सगळी पट्टेदारच होईल.

ठेवलेल्या सापाच्या तक्रारी

साप आचके देत असेल, तोल जाऊन अंग पिळत असेल, तर आधी आहार पाहावा. गोल्डफिश आणि ‘रोझी रेड’ नावाने विकल्या जाणाऱ्या माशांत थायमिनेज हे विकर असते. ते ब-1 जीवनसत्त्व नष्ट करते, आणि महिनोन्महिने हेच मासे खाणारा साप त्याच्या अभावाने मरतो. हे झटके आल्यास विलंब न लावता सरपटणाऱ्या प्राण्यांचा पशुवैद्य गाठावा. गप्पी, ट्राउट किंवा सामन हे मासे सुरक्षित आहेत. मोठी गांडुळे उत्तम, पण खतासाठी पाळली जाणारी तांबडी गांडुळे देऊ नयेत, कारण त्यांचा पिवळा स्राव या सापांना बाधतो.

खाल्लेले उलटून पडत असेल, तर बहुधा ऊब कमी असते किंवा खाल्ल्यावर लगेच साप हाताळला गेलेला असतो. पेटीच्या एका टोकाला सुमारे 29 अंश सेल्सियस आणि दुसऱ्या टोकाला 21-22 अंश ठेवावे. पोटावर फोड आले, तर तळ सतत ओला आहे असे समजावे. पाण्याचे भांडे हवे, दलदल नको. देवदाराचा भुसा टाळावा आणि नव्या सापाखाली कागदच घालावा, म्हणजे विष्ठा आणि काळ्या ठिपक्यांसारखे माइट (अंगावरचे बारीक परजीवी किडे) लगेच दिसतात. दोन साप एका पेटीत असतील तर खाऊ घालताना वेगळे करावेत, नाहीतर एकाच गांडुळाची दोन टोके पकडून मोठा साप लहानाला गिळू लागतो. सापांच्या अंगावर असू शकणाऱ्या साल्मोनेला या रोगकारक जिवाणूंमुळे पाच वर्षांखालच्या मुलांच्या हाती साप देऊ नये.

साप सोडायचा ठरले, तर काही दिवसांच्या आतच आणि जिथे उचलला त्याच जागी सोडावा. हे साप हिवाळा ठरावीक बिळांत काढतात. परक्या जागी, त्यातही शरदात सोडलेल्या सापाला गोठण्यापूर्वी बीळ सापडेलच असे नाही. इतर पाळीव सापांच्या शेजारी महिनाभर राहिलेला साप मात्र परस्पर सोडू नये, कारण त्याच्याबरोबर बुरशीजन्य रोग रानात जाऊ शकतो. त्याबाबत वन्यजीव खाते सांगेल तसे करावे.