गाडी गरम होतेय? पार्ट बदलण्याआधी या चुका टाळा

एप्रिल-मेच्या दुपारी ठाण्याच्या घोडबंदर रोडला कडेला बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या हमखास दिसतात. त्यातल्या बहुतेकांनी आधीच इशारा दिलेला असतो. पुढे खर्च वाढतो तो अंदाजाने पार्ट बदलत गेल्यामुळे. आधी रेडिएटर, मग वॉटर पंप, मग सेन्सर, आणि गाडी तरीही गरम. म्हणून गॅरेजला जाण्याआधी एकच गोष्ट नीट टिपून ठेवा, गाडी नक्की कधी गरम होते.

माजिवड्याच्या सिग्नलला तापमानाचा काटा चढतो आणि नाशिक हायवेला वेग धरला की उतरतो, तर पहिला संशय फॅनवर घ्या. चालत्या गाडीला समोरून वारा मिळतो, उभ्या गाडीला तो फॅननेच द्यावा लागतो. अशा गाडीचा एसीही सिग्नलला गार हवा देईनासा होतो, कारण रेडिएटरपुढच्या एसीच्या जाळीला, म्हणजे कंडेन्सरला, हाच वारा लागतो. ही खूण बऱ्याचदा काट्याच्याही आधी दिसते, पण लोक एसीत गॅस भरून घेतात आणि फॅन तसाच राहतो.

उलट, ट्रॅफिकमध्ये ठीक चालणारी गाडी कसारा घाटात तापत असेल तर फॅनचा नाद सोडा. तिथे इंजिन गार ठेवणारं पाणी, म्हणजेच कूलंट, पुरेसं फिरत नसतं. आतून गाळ धरलेला रेडिएटर, अर्धवटच उघडणारा थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की रेडिएटरकडे पाणी सोडणारा झडप) किंवा पाती झिजलेला पंप, या तिघांपैकी कोणीतरी दोषी. काटा एकदम वर जाऊन तितक्याच पटकन खाली येत असेल तर कूलंट कमी आहे किंवा एअर लॉक आहे, म्हणजे पाण्याच्या वाटेत हवा अडकली आहे. काटाच नसलेल्या गाडीत निळा दिवा म्हणजे इंजिन थंड आणि लाल म्हणजे गरम. लाल दिवा लागल्यावर ‘गॅरेजपर्यंत नेऊ’ हा विचार मनातही आणू नका. अ‍ॅल्युमिनियमचं हेड (इंजिनचा वरचा भाग) वाकायला तेवढं अंतर पुरतं.

काटा नुकताच चढू लागला असेल तर एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर जोरात लावा. मे महिन्यात नको वाटेल, पण हीटरचा कोअर म्हणजे एक छोटा रेडिएटरच आहे. त्यातून गार हवा येऊ लागली तर पाणी संपलंय किंवा फिरत नाहीये. अशा वेळी, लाल दिवा लागला असेल किंवा वाफ दिसत असेल तरीही, सुरक्षित जागी कडेला घेऊन इंजिन बंद करा. गायमुखच्या चढावर अवजड गाड्या मागून येत असतात, तेव्हा चारही इंडिकेटर एकदम लुकलुकवणारे हॅझर्ड लाइट लावून माणसांना गाडीपासून लांब उभं करा.

आणि रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका. ते कुकरच्या झाकणासारखं दाब धरून ठेवतं, साधारण ०.९ ते १.१ बार. निम्मं कूलंट आणि निम्मं पाणी असं मिश्रण उघड्यावर १०७ अंशांच्या आसपास उकळतं, दाबाखाली १२० च्या पुढेही द्रवच राहतं. झाकण सैल होताच तेच उसळून तोंडावर, हातांवर येतं. वरचा होजपाइप हाताला गार लागेपर्यंत थांबा, अर्धा तास लागला तरी चालेल. तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतू नका, हेडला तडा जाऊ शकतो.

आता गॅरेजमधली मला सर्वात खटकणारी चूक. ‘थर्मोस्टॅट काढून टाकतो साहेब, आपल्याकडे थंडी कुठे असते?’ असं कोणी म्हणालं तर स्पष्ट नाही म्हणा. इंजिन ९० अंशांच्या आसपास चालावं असं बनवलेलं असतं. कायम थंड राहिलं तर पेट्रोल जास्त पितं आणि झिजतंही लवकर. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅट काढला की बायपासची वाट उघडीच राहते, पाणी रेडिएटरला वळसा घालून परत येतं आणि गाडी आणखी तापते. शंका असेल तर तो काढून पातेल्यात दोऱ्याने लटकवा आणि पाणी तापवा. अंगावर ८२ किंवा ८८ असा आकडा कोरलेला असतो. त्या सुमारास तो उघडू लागला पाहिजे आणि गार झाल्यावर पूर्ण मिटला पाहिजे.

फॅन फिरत नसेल तर थेट नवी मोटर घेऊ नका. फ्यूज बघा, तेवढ्याच क्षमतेचा शेजारचा रिले (फॅनची वीज चालू-बंद करणारा स्विच) घालून बघा. इंजिन चालू ठेवून एसी लावला की बहुतेक गाड्यांत फॅन फिरतोच. हात मात्र लांब ठेवा.

कूलंटमध्ये बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी घालणं ही आपल्याकडच्या सोसायट्यांमधली नेहमीची चूक. त्यातले क्षार रेडिएटरच्या नळ्यांत साचतात. डिस्टिल्ड वॉटरच वापरा. रंग पाहूनही कूलंट मिसळू नका. हिरवा, लाल, गुलाबी हे रंग कंपनीगणिक बदलतात आणि चुकीच्या जोडीचा चिकट गाळ होऊ शकतो. गाडीच्या पुस्तिकेतला प्रकार बघा.

गाडीखाली ओल दिसली तर बोट लावून पाहा. एसीचं पाणी स्वच्छ, बिनवासाचं असतं. कूलंट बुळबुळीत, रंगीत, गोडसर वासाचं. सांडलेलं लगेच धुऊन टाका, कुत्री-मांजरं ते चाटतात आणि ते विषारी असतं. गळती दिसत नाही पण पातळी घटतेच, तर प्रेशर टेस्ट, म्हणजे दाब देऊन गळती शोधायची तपासणी, करून घ्या. झाकणही तपासा, त्याचं रबर चिरलं असेल तर नवं बसवा. एवढं करूनही पाणी गायब होत असेल, सायलेन्सरमधून इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत असेल किंवा ऑइल दुधाळ झालं असेल, तर हेड गॅसकेटकडे, म्हणजे हेडखालच्या सीलकडे, वळा. हेड उचलण्याआधी ब्लॉक टेस्टचा आग्रह धरा. रेडिएटरच्या तोंडावरच्या नळीतलं निळं द्रव्य पिवळं पडलं, तर जळलेला वायू पाण्यात येतोय.

काम झाल्यावर कूलंटमध्ये अडकलेली हवा काढायला विसरू नका. गाडीचं तोंड किंचित चढाला ठेवून, हीटर गरमवर लावून, फॅन दोनदा लागून बंद होईपर्यंत इंजिन चालू ठेवतात. मग रात्रभर गार होऊ द्या आणि सकाळी पातळी पाहून कूलंटच्या बाटलीवरच्या खुणेपर्यंत भरा.