अ‍ॅफिलिएट कमिशन: लिंक टाकण्याआधी पैशाचे नियम समजून घ्या

ऑनलाइन विकणाऱ्या कंपनीच्या वस्तूची लिंक आपण टाकायची आणि त्यावरून कुणी खरेदी केली की कंपनी आपल्याला काही टक्के देते, ते अ‍ॅफिलिएट कमिशन. पण डॅशबोर्डवर, म्हणजे कंपनीच्या साइटवरच्या आपल्या हिशेबाच्या पानावर, दिसणारा आकडा आणि बँक खात्यात जमा होणारी रक्कम यांत बराच फरक पडतो. लातूर, नांदेड, बीडकडची कितीतरी मुलं-मुली मोबाईलवरून हे काम सुरू करतात आणि पहिल्याच महिन्याच्या आकड्यावर हप्त्याचा हिशेब मांडतात. तो मांडू नका. मोंढ्यावर माल घातला की वजन लगेच कळतं, पण हातात पट्टी पडते ती हमाली-तोलाई वजा होऊन. इथेही तसंच आहे, फक्त कपाती जास्त आणि वाट लांब.

आधी बघा, कोणती ऑर्डर तुमच्या नावावर धरली जाते. अ‍ॅमेझॉनवर लिंक क्लिक केल्यापासून २४ तासांची मुदत असते. तेवढ्यात वस्तू कार्टमध्ये टाकली गेली, तर ऑर्डर पुढे काही दिवसांनी झाली तरी साधारणपणे धरतात. मध्ये गिऱ्हाईकाने दुसऱ्या कुणाची लिंक किंवा कॅशबॅक अ‍ॅप वापरलं, तर बहुतेक ठिकाणी कमिशन शेवटच्या क्लिकला जातं. स्वतःच्या लिंकवरून स्वतः केलेली खरेदी चालत नाही, आणि घरच्यांच्या नावाने त्याच पत्त्यावर मागवलेला मालही बाद होऊ शकतो. अ‍ॅमेझॉनच्या नवीन अ‍ॅफिलिएट खात्याला १८० दिवसांत किमान ३ पात्र विक्री दाखवाव्या लागतात, नाहीतर ते बंद होतं.

लिंक कुठे टाकायची यालाही नियम आहेत. अर्ज करताना चॅनेल, पेज, वेबसाइट यांची नावं विचारतात, ती सगळी भरा. अनेक कंपन्यांना ई-मेल, एसएमएस किंवा बंद व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधला प्रचार चालत नाही. ही अट मोडली तर त्या एका ऑर्डरचंच नव्हे, साठलेलं सगळं कमिशन रोखण्याचा हक्क करारात कंपनीकडे असतो. म्हणून हे कलम सगळ्यात आधी वाचा.

आता हिशेब. समजा मिक्सरची किंमत २,९५० रुपये आहे आणि कमिशन ५ टक्के. नवखा माणूस २० ऑर्डरींचे २,९५० रुपये धरतो. पण कमिशन सहसा जीएसटी वगळून मोजतात. १८ टक्के जीएसटी काढला की किंमत उरते २,५००, म्हणजे एका ऑर्डरला १२५ रुपये. त्यात ४ ऑर्डरी रद्द झाल्या आणि २ परत गेल्या, तर उरल्या १४. हाती १,७५० रुपये.

आपल्याकडे सगळ्यात मोठी गळती कॅश ऑन डिलिव्हरीत होते. पार्सल गावात येतं तेव्हा माणूस शेतात असतो, फोन लागत नाही किंवा घरात रोख नसते. पार्सल परत गेलं की कमिशनही गेलं. यावर उपाय सोपा आहे. लिंक टाकण्याआधी तालुक्याचे दोन-तीन पिनकोड टाकून डिलिव्हरी होते का ते तपासा, आणि वस्तूचं माप, वॉरंटी, सोबत काय येतं ते स्पष्ट लिहा. चुकीच्या अपेक्षेने मागवलेली वस्तू परत जातेच.

ऑर्डर आधी ‘पेंडिंग’ दिसते आणि परत करण्याची मुदत संपल्यावर ‘कन्फर्म’ होते. अ‍ॅमेझॉन महिना संपल्यानंतर साधारण ६० दिवसांनी पैसे देतं, म्हणजे ऑक्टोबरच्या विक्रीचे पैसे डिसेंबरअखेर. दिवाळीचा खर्च त्यावर टाकू नका. शिवाय किमान रकमेची अट असते. ती १,००० असेल आणि तुमचे ८५० झाले असतील, तर रक्कम पुढच्या महिन्यात जाते. पैसे दिल्यानंतर एखादी वस्तू परत आली, तर ते कमिशन पुढच्या बिलातून वजा होतं.

पैसे अडकण्याचं रोजचं कारण मात्र कागदपत्रांत असतं. पॅनवर वडिलांचं नाव पूर्ण आणि पासबुकावर नुसतं आद्याक्षर, एवढ्यावरही खातं पडताळणीत अडतं. खातं स्वतःच्याच नावाचं द्या, भावाचं किंवा मित्राचं नको. मराठवाड्यात स्टेट बँक ऑफ हैदराबादची जुनी पासबुकं अजून घरोघरी आहेत. ती बँक १ एप्रिल २०१७ ला स्टेट बँकेत विलीन झाली, त्यामुळे ‘एसबीएचवाय’ने सुरू होणारा आयएफएससी (बँक शाखेचा कोड) देऊ नका. शाखेतून ‘एसबीआयएन’ने सुरू होणारा नवा कोड घ्या. खातं बराच काळ वापरलं नसेल तर शाखेत जाऊन केवायसी करून घ्या.

पॅन आधारशी जोडलेलं आहे का तेही इन्कम टॅक्स पोर्टलवर बघा. कमिशनवर सध्या २ टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापला जाणारा कर, आहे. १ एप्रिल २०२५ पासून एका कंपनीकडून आर्थिक वर्षात २०,००० रुपयांपेक्षा जास्त मिळाले तरच तो कापतात. पॅन नसेल किंवा निष्क्रिय असेल तर मात्र २० टक्के. कापलेली रक्कम रिटर्न भरल्यावर करात जमा धरली जाते, जास्तीची परत मिळते. काही कंपन्या हे पैसे वेगळ्या प्रकारात धरून वेगळ्या दराने कापतात, म्हणून बिलावरचा दर वाचा. जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाख, त्यामुळे सुरुवातीला तिची चिंता नको.

परदेशी कंपनी असेल तर डॉलरचे रुपये करतानाची तूट आणि पैसे पोचवणाऱ्या मधल्या सेवेची फी दोन्ही वजा होऊन रक्कम येते. अमेरिकन कंपन्या डब्ल्यू-८बीईएन, म्हणजे आपण अमेरिकेबाहेरचे आहोत हे करासाठी सांगणारा फॉर्म मागतात, तो भरेपर्यंत पैसे थांबतात.

दर महिन्याच्या १ तारखेला रिपोर्ट डाउनलोड करून ठेवा. यूट्यूब आणि फेसबुकला वेगवेगळे ट्रॅकिंग आयडी (लिंकमधली ओळखखूण) द्या, म्हणजे कुठली लिंक तुटली ते लगेच कळतं. रक्कम चुकली असं वाटलं तर ‘पैसे कमी आले’ एवढंच लिहू नका. महिना, ट्रॅकिंग आयडी, ऑर्डरची तारीख, अपेक्षित आणि मिळालेली रक्कम हे सगळं एकाच तक्रारीत लिहा, सोबत रिपोर्टची प्रत जोडा, आणि तक्रारीची करारातली मुदत संपण्याआधी पाठवा.