एमएस २१० मध्ये ३२ मिमी स्ट्रोकचा क्रँक बसवताना

स्टिलच्या एमएस २१०, २३० आणि २५० या तिन्ही चेनसॉ एकाच घराण्यातल्या, पण इंजिनं वेगळी. २१० चा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ४० मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) २८ मिमी, म्हणजे ३५.२ सीसी. २३० चा ४० बाय ३२, म्हणजे ४०.२ सीसी. २५० चा ४२.५ बाय ३२, म्हणजे ४५.४ सीसी. २१० चं इंजिन खोलायची वेळ आलीच असेल, तर त्यात २५० चे भाग घालणं फायद्याचं.

मात्र नुसता क्रँक, म्हणजे पिस्टनच्या धावेने फिरणारा शाफ्ट, बदलून भागत नाही. स्ट्रोक ४ मिमीने वाढला की पिस्टन २ मिमी जास्त वर चढतो आणि २ मिमी जास्त खाली उतरतो. जुन्या सिलिंडरमध्ये वर तेवढी जागा नसते, पिस्टन थेट सिलिंडरच्या माथ्याला आपटतो. जाड गॅस्केट घालून सिलिंडर उचलायचीही सोय नाही, कारण क्रँकच्या बेअरिंगची अर्धी बैठक सिलिंडरच्या बुडात आणि अर्धी खालच्या पॅनमध्ये असते. मध्ये फक्त सीलंटचा पातळ थर. म्हणून क्रँक, सिलिंडर आणि पिस्टन तिन्ही २५० चेच घ्या. सोबत दोन बेअरिंग, दोन ऑइल सील, नवे सर्क्लिप (गजन पिन जागेवर अडवणाऱ्या तारेच्या कड्या) आणि उष्णता सोसणारं सीलंट. गजन पिनेचा (पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड जोडणारी पिन) व्यास आणि कनेक्टिंग रॉडमधलं निडल बेअरिंग विकत घेतानाच व्हर्नियरने ताडून पाहा.

खोलताना बार, चेन, सायलेन्सर, कार्बुरेटर आणि स्टार्टर काढा. क्लच आणि फ्लायव्हील सोडवताना क्रँक फिरू नये म्हणून स्पार्क प्लगच्या भोकातून दोरी आत सोडून पिस्टन अडवा. पिस्टनने एक्झॉस्ट पोर्ट (धूर बाहेर जायचं भोक) झाकल्यावरच दोरी घाला, नाहीतर ती पोर्टात चिमटून तुटते. क्लचचे आटे उलटे आहेत, घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर तो सुटतो. फ्लायव्हीलचा नट मात्र सरळ आट्यांचा. फ्लायव्हील पुलरनेच काढा. ऑइल पंप काढला की बुडाचे चार स्क्रू सोडून इंजिन वर येतं.

सगळ्यात जास्त क्रँक इथे बिघडतात: बेअरिंग हातोडीने ठोकून बसवताना. हा क्रँक तुकडे दाबून जोडलेला असतो. टोकावर ठोका पडला की क्रँकच्या दोन्ही चकत्या (वेब) एकमेकींपासून किंचित सरकतात आणि शाफ्ट डगमगत फिरतो. मग सील लवकर जातात. बेअरिंग साधारण १०० अंशांपर्यंत तापवा, ते हाताने सरकून बसतं.

पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे. सर्क्लिपचं तोंड वर किंवा खाली ठेवा, आडवं नको. रिंगची टोकं खाचेतल्या पिनेवर आली आहेत ना, हे बघूनच पिस्टन सिलिंडरमध्ये सरकवा. सीलच्या ओठांना ग्रीस लावा. दोन्ही जोडपृष्ठं कोरडी पुसून सीलंटचा पातळ थर द्या. जास्त झालेलं बेअरिंगमध्ये शिरतं.

स्क्रू कसून प्लगशिवाय क्रँक हाताने पूर्ण फिरवा. कुठेही अडलं तर जोर करू नका, पुन्हा उघडून पॅनमध्ये काय घासतंय ते पाहा. मग पिस्टन आणि सिलिंडरच्या माथ्यातली फट मोजण्यासाठी प्लगच्या भोकातून सोल्डर वायर सिलिंडरच्या कडेपर्यंत, गजन पिनेच्या रेषेत घालून क्रँक फिरवा. चेपलेल्या टोकाची जाडी ०.५ मिमीपेक्षा कमी नको.

प्रेशर टेस्ट टाळू नका. इनटेक आणि एक्झॉस्ट बंद करून ०.५ बार हवा भरा. काटा २० सेकंद हलता कामा नये. नंतर ०.५ बार व्हॅक्यूमही द्या, कारण काही सील आतून दाब सोसतात पण बाहेरची हवा आत ओढतात. तशी हवा शिरली की मिश्रण लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) होतं आणि नवा पिस्टन एक्झॉस्टच्या बाजूने खरडतो.

फ्लायव्हीलच्या भोकातली चावी क्रँकच्या खाचेत नीट बसवा, इग्निशन कॉइलचं फ्लायव्हीलपासूनचं अंतर ०.२ मिमी ठेवा. कार्बुरेटरचे एच (जास्त वेगाचा) आणि एल (कमी वेगाचा) स्क्रू हलक्या हाताने बंद करून साधारण एक-एक फेरा उघडा. पेट्रोल-ऑइल ५०:१. पहिली टाकी एच थोडा जास्त उघडा ठेवून चालवा, मग टॅकोमीटर लावून जुळवा. कमाल वेग १४,००० आरपीएमच्या वर नको, आयडल (रेस न देतानाचा वेग) २,८०० च्या आसपास.