पावसाळ्याआधी सोसायटीच्या बागेत हात घालताना

मुंबईत पाऊस सर्वसाधारणपणे ११ जूनच्या सुमारास दाखल होतो, त्यामुळे मे महिन्याचे शेवटचे दोन रविवार अनेक सोसायट्यांमध्ये बागकामाचे असतात. पालापाचोळा उचलायचा, कुंड्यांतली माती बदलायची, भिंतीवरून पलीकडे गेलेली बोगनवेल छाटायची, अशी कामे निघतात. आमच्या इमारतीत आजवर झालेल्या दुखापती आठवल्या, तर त्यांतल्या बहुतेक ‘एवढेच तर आहे’ म्हणत, पायात स्लीपर आणि उघड्या हातांनी केलेल्या किरकोळ कामातल्या आहेत. म्हणून तयारीला आठवडाभर आधी लागावे.

सर्वांत आधी घरातली फाइल काढून धनुर्वाताची लस शेवटची कधी घेतली ते पाहावे. धनुर्वाताच्या जंतूंचे बीजाणू मातीत आणि शेणखतात वर्षानुवर्षे टिकून राहतात आणि काट्याने पडलेल्या बारीक पण खोल छिद्रात, जिथे हवा पोहोचत नाही, तिथे ते वाढतात. प्रौढांनी दर १० वर्षांनी एक डोस घ्यावा. जखम खोल किंवा मातीने माखलेली असेल आणि शेवटच्या डोसला ५ वर्षे उलटली असतील, तर डॉक्टर पुन्हा एक देतात. आपल्याकडे प्रत्येक खरचटण्याला इंजेक्शन घेणारे तरी भेटतात, नाहीतर शाळा सुटल्यापासून एकदाही न घेतलेले. तारीख लिहून ठेवली की दोघांचाही घोळ मिटतो.

त्याच आठवड्यात, कोणती कामे आपण करायची नाहीत हेही ठरवून टाकावे. नारळाच्या झावळ्या आणि मोठ्या झाडांच्या फांद्या शिडी लावून स्वतः उतरवू नयेत. खासगी आवारातल्या झाडांच्या छाटणीसाठीही महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी लागते, आणि ती मिळाल्यावर दोर, पट्टा व हेल्मेट वापरणाऱ्या माणसांकडूनच हे काम करून घ्यावे.

आदल्या संध्याकाळी हत्यारे अंगणात मांडून एकेक हातात घेऊन पाहावे. कुदळीचा किंवा फावड्याचा दांडा डुगडुगत असेल तर पाचर ठोकून घ्यावी, कोयत्याची आणि छाटणीच्या कात्रीची धार लावून घ्यावी. माळी जिला सिकेटर म्हणतात त्या कात्रीची धार बोथट असली की जोर जास्त लावावा लागतो, पाते फांदीवरून घसरते आणि फांदी धरलेल्या दुसऱ्या हाताच्या अंगठ्यावर येते. कात्रीचा खटका नीट बसतो ना, हेही तपासावे, कारण उघडी कात्री पँटच्या खिशात घालण्याचा मोह सर्वांनाच होतो.

हातमोज्यांच्या बाबतीत काटकसर करू नये. मातीसाठी तळव्याला रबर लावलेले कापडी मोजे पुरतात, पण बोगनवेल, गुलाब आणि लिंबासाठी जाड कातड्याचे, मनगटाच्या वर येणारे मोजे हवेत. दोन वर्षांपूर्वी बोगनवेलीची एकच लोंबती फांदी बाजूला करायची म्हणून मी मोजे न घालता हात घातला आणि मधल्या बोटाच्या पेराशी काटा गेला. काटा निघाला असे मला वाटले, पण त्याचे टोक आत मोडून राहिले होते. तिसऱ्या दिवशी बोट इतके सुजले की भाताचा घासही धड घेता येईना, आणि शेवटी डॉक्टरांना छोटा छेद देऊन ते काढावे लागले. सांध्याजवळ काटा रुतला असेल, तर घरी सुईने टोकरत बसू नये.

डोळ्यांसाठी साधा पारदर्शक चष्मा प्रत्येकाला द्यावा, आणि तो फक्त उडणाऱ्या काटक्यांपुरता आहे असे समजू नये. शनिवारी मारुतीला माळ करता यावी म्हणून पुष्कळ आवारांत रुई लावलेली असते, आणि कुंपणाला शेर असतो. दोघांचाही चीक डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते. रुईच्या चिकाचे विशेष असे की, सुरुवातीला दुखतेच असे नाही; काही तासांनी दिसायला धूसर होते आणि तेव्हा माणूस घाबरतो. त्यामुळे दुखत नसले तरी स्वच्छ वाहत्या पाण्याने १५ ते २० मिनिटे डोळा धुवावा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. कण्हेरीची छाटलेली पाने व फांद्या वेगळ्या गोणीत भराव्यात; ती विषारी असल्याने लहान मुलांच्या हाती लागू देऊ नयेत आणि जाळूही नयेत.

कुंड्या हलवण्याचा विचार आदल्या रात्रीच करावा, कारण कंबर जायची ती याच कामात. १२ इंची कुंडीत साधारण १५ लिटर माती मावते, आणि ती ओली असेल तर कुंडीचे वजन २० किलोंच्या पुढे सहज जाते. म्हणून हलवायच्या कुंड्यांना आदल्या दिवशी पाणी घालू नये, मोठ्या कुंडीतली अर्धी माती घमेल्यात काढून मगच ती उचलावी, शक्य तिथे गोणपाटावर ठेवून ओढावी, आणि उचलायचीच असेल तर गुडघे वाकवून, कुंडी पोटाशी धरून उठावे. उचललेल्या अवस्थेत कमरेतून वळू नये, पाय फिरवावेत. ग्रिलमधल्या आणि गच्चीच्या कठड्यावरच्या कुंड्या या तयारीत आवर्जून घ्याव्यात. कठड्यावर कुंडी ठेवूच नये, कारण पहिल्या वाऱ्यात ती खाली कोणाच्या डोक्यात पडेल ते सांगता येत नाही. गच्चीवर मागच्या वर्षीचे सुकलेले शेवाळ असते, ते पाऊस येण्यापूर्वी काथ्याच्या ब्रशने घासून काढावे. पहिल्या सरीबरोबर ते पुन्हा हिरवे आणि निसरडे होते.

कामाच्या दिवशी सात वाजता सुरुवात करून साडेनऊला थांबावे. मे महिन्यातल्या दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे शरीर थंड होत नाही. पाणी, लिंबू सरबत आणि टोपी हवीच. पायात गमबूट किंवा बंद बूट असावेत. मधुमेहामुळे ज्यांच्या तळपायाची संवेदना कमी झाली आहे, त्यांनी तर अनवाणी मातीत पाऊलही टाकू नये, कारण काटा रुतल्याचे त्यांना रात्रीपर्यंत कळतही नाही.

पालापाचोळ्याच्या ढिगात हात घालण्यापूर्वी लांब काठीने तो उसकटावा आणि जमिनीवर काठी आपटावी. बोरिवली, मुलुंड, गोरेगाव अशा जंगलाला लागून असलेल्या भागांत घोणस आणि मण्यार निघतात, आणि घोणस पाचोळ्यात चटकन दिसत नाही. दंश झाल्यास जखम कापू नये, चोखू नये, घट्ट दोरी बांधू नये. तो हात किंवा पाय हलू न देता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि जिथे सापाच्या विषावरचे प्रतिविष (इंजेक्शन) आहे अशा सरकारी किंवा पालिकेच्या मोठ्या रुग्णालयात जावे. अशा रुग्णालयाचे नाव आणि फोन नंबर आधीच वॉचमनच्या टेबलावर लिहून ठेवावा.

उंदरांच्या मूत्रातून ओल्या मातीत येणारा लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या आजाराचा) जंतू कातडीवरच्या चिरेतून शरीरात शिरतो. म्हणून हातापायावर आधीची जखम असेल तर तिच्यावर पाणी न शिरणारी पट्टी लावूनच कामाला लागावे. पावसात साचलेल्या पाण्यात उतरावे लागले, तर २४ ते ७२ तासांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक औषध घ्यावे, असे महापालिका सांगते.

फवारणी त्याच दिवशी करू नये. करायचीच असेल तर कीटकनाशकाच्या डब्यावरचा रंग पाहावा: लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा. लाल आणि पिवळ्या रंगाची औषधे सोसायटीच्या आवारात आणूच नयेत, आणि उरलेले औषध सरबताच्या रिकाम्या बाटलीत कधीही ओतून ठेवू नये.

काम संपल्यावर हात कोपरापर्यंत साबणाने धुवावेत, कुंड्यांखालच्या ताटल्यांतले पाणी ओतून टाकावे, आणि हत्यारे आणताना जितकी होती तितकी मोजून पेटीत ठेवावीत. आमच्याकडे मागच्या वर्षी एक खुरपे कमी भरले. ते मातीच्या ढिगाऱ्यात पाते वर करून पडलेले होते, आणि मुले क्रिकेट खेळायला खाली उतरण्याच्या अर्धा तास आधी ते सापडले.